एका तारखेसाठीं झालेलें युद्ध

राष्ट्र स्वतंत्र केव्हां होतें? त्यानें स्वतः तसें जाहीर केलें त्या दिवशीं, कीं जुन्या धन्यानें कागदावर सही केली त्या दिवशीं? इंडोनेशिया आणि हॉलंड यांच्यामध्यें १९४५ पासून १९४९ पर्यंत जें युद्ध झालें, त्याच्या मुळाशीं हाच प्रश्न होता.

१९४२ सालीं जपाननें डचांना या बेटांतून हांकलून दिलें होतें. १५ ऑगस्ट १९४५ रोजीं जपान शरण आला आणि दोनच दिवसांनीं सुकर्ण व हट्टा यांनीं जकार्ता येथें स्वातंत्र्याची घोषणा केली. घोषणापत्र अवघ्या दोन वाक्यांचें होतें. डचांच्या लेखीं मात्र हीं बेटें अद्याप त्यांच्याच मालकीचीं होतीं.

जपान्यांचीं शस्त्रें काढून घेण्यासाठीं प्रथम ब्रिटिश फौज उतरली; तींत बहुसंख्य सैनिक हिंदी होते. ऑक्टोबर १९४५ मध्यें सुराबाया बंदरांत उतरलेल्या ४९ व्या हिंदी ब्रिगेडमध्यें मराठा लाइट इन्फंट्रीच्याहि पलटणी होत्या. परतंत्र देशांतून आलेल्या शिपायांना, स्वातंत्र्य जाहीर केलेल्या लोकांवर बंदुका रोखाव्या लागल्या. ३० ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. १० नोव्हेंबरपासून शहरावर तोफांचा व विमानांचा भडिमार झाला आणि सुमारें तीन आठवडे गल्लोगल्लीं झुंज चालली. शहर पडलें, परंतु हें मूठभर पुढाऱ्यांचें बंड आहे, हा समजहि त्याबरोबर ढासळला. कांहीं हिंदी शिपाई तर इंडोनेशियनांनाच जाऊन मिळाले. आजहि १० नोव्हेंबर हा तेथें वीरदिन म्हणून पाळला जातो.

मार्च १९४७ मध्यें लिंगजाती करारावर सह्या झाल्या. जावा, मदुरा व सुमात्रा यांवरील प्रजासत्ताकाचा अंमल डचांनीं व्यवहारापुरता मान्य केला. पण चारच महिन्यांत, २१ जुलै रोजीं, त्यांचें सैन्य प्रजासत्ताकाच्या मुलुखांत घुसलें. या स्वारीस त्यांनीं ‘पोलिसी कारवाई’ असें नांव दिलें. त्या नांवांत हिशेब होता. युद्ध परक्या राष्ट्राशीं होतें. पोलिस आपल्याच प्रजेवर पाठवितां येतात. त्याच महिन्यांत ओरिसाचे वैमानिक बिजू पटनाईक यांनीं शहरीर यांना जावांतून भारतांत आणलें. भारत व ऑस्ट्रेलिया यांनीं हें प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढें नेलें आणि ऑगस्टमध्यें शहरीर स्वतः तेथें बोलले. डचांची घरगुती बाब जगाची बाब झाली.

१९ डिसेंबर १९४८ रोजीं दुसरी स्वारी झाली. राजधानी जोग्यकर्ता पडली. सुकर्ण व हट्टा कैद झाले. परंतु सेनापति सुदिरमान हाती लागले नाहींत. क्षयानें जर्जर झालेला हा तरुण सेनानी डोलींतून डोंगरोडोंगरीं फिरत गनिमी काव्यानें लढत राहिला. जानेवारी १९४९ मध्यें पंडित नेहरूंनीं दिल्लीस आशियाई राष्ट्रांची परिषद भरविली. सुरक्षा समितीनें कैद्यांच्या सुटकेचा ठराव केला, आणि अमेरिकेची मदत बंद होण्याची धास्ती हॉलंडला पडली. डचांनीं शहरें जिंकलीं, पण युद्ध त्यांच्या हातून गेलें.

२७ डिसेंबर १९४९ रोजीं ॲमस्टरडॅम येथें कागदावर सही झाली. त्या कागदाबरोबर सुमारें ४.३ अब्ज गिल्डरांचें कर्जहि नव्या राष्ट्राच्या माथीं आलें. आपल्याविरुद्ध झालेल्या लष्करी खर्चाचा भार आपणच वाहावयाचा, ही इंडोनेशियनांची तक्रार होती. डच या प्रसंगास सत्तेचें ‘हस्तांतर’ म्हणत. इंडोनेशियन त्यास ‘मान्यता’ म्हणत. जें आधींच आपलें आहे, तें दुसरा देणार कसा?

या लढ्यांत सुमारें एक लाख इंडोनेशियन मृत्यु पावले असावे, असा अंदाज आहे. २०२० सालीं डच राजानें अतिरेकी हिंसेबद्दल माफी मागितली, आणि जून २०२३ मध्यें पंतप्रधान मार्क रूट यांनीं १७ ऑगस्ट १९४५ हीच तारीख पूर्णपणें मान्य असल्याचें संसदेंत सांगितलें. दोन वाक्यांचें तें घोषणापत्र मान्य करण्यास जुन्या धन्याला सत्त्याहत्तर वर्षें लागलीं.