बाटलीतले औषध आणि सुईवरच्या रेघा
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. मला औषधातले काय कळणार! परंतु आपल्यापैकी कित्येकींच्या लेकीसुना अमेरिकेत आहेत आणि वजन उतरविण्याची इंजेक्शने तिकडे घरोघर पोचली आहेत, म्हणून बोलते.

औषधाचे नाव सेमाग्लुटाइड. कंपनीच्या पेनात मात्रा ठरलेली असते. २०२२ साली तुटवडा पडला, तेव्हा काही औषधालये ते स्वतः बनवून बाटलीतून देऊ लागली. स्वस्त पडते, पण अशा औषधाला सरकारची आगाऊ तपासणी नाही, मान्यताही नाही. सुईत बहुधा आपणच भरून घ्यायचे.

घोटाळा तेथेच होतो. मात्रा मिलिग्रॅमची, सुईवरच्या रेघा युनिटच्या, आणि बाटलीगणिक औषधाचा दाटपणा निराळा. चमचाभर खडेमीठ आणि चमचाभर बारीक मीठ आमटीला सारखे लागते का? २०२४ साली तिथल्या औषध-खात्याने जाहीर केले की, काहींनी पाचपट ते वीसपट औषध टोचून घेतले. एकीकडे ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे ५ युनिटे, द्यावयाची असता लिहून देणाऱ्यानेच २५ लिहिली!

मळमळ योग्य मात्रेतही होते. जास्त झाले की ओकाऱ्या थांबत नाहीत, अंगातले पाणी आटते, घेरी येते. स्वादुपिंडाला सूजही येऊ शकते. आणि टोचलेले औषध निम्मे उतरायलाच आठवडा लागतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत तुटवडा संपल्याचे जाहीर झाले, तरी बाटल्या मिळतच राहिल्या. माझ्या भाचीला मी फोनवर म्हटले, "एका मिलिलिटरात किती मिलिग्रॅम, ते बाटलीवर वाच पाहू." अक्षर इतके बारीक, की तिला चष्मा शोधावा लागला.