अधिवृक्क ग्रंथीची गाठ : भीती आणि विवेक



आजच्या भाषणाचा विषय नावानं थोडा अवघड आहे. परंतु तो आता खेड्यापाड्यांतल्या घरांपर्यंत येऊन पोचला आहे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी असते. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, म्हणून ही अधिवृक्क ग्रंथी. डॉक्टर मंडळी तिला ॲड्रिनल म्हणतात. वजन म्हणाल तर एकेकीचं जेमतेम ४ ते ५ ग्रॅम. पण रक्तदाब, अंगातलं मीठ, रक्तातली साखर आणि संकट समोर आलं म्हणजे उडणारी छातीची धडधड, या सगळ्यांत तिचा हात असतो. ती रक्तात जे रस सोडते, त्यांना हॉर्मोन किंवा संप्रेरकं म्हणतात.

मी डॉक्टर नव्हे. मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो आणि नवी मुंबईतल्या करावे गावी राहतो. तरीही हा विषय मी घेतला, कारण त्याच्या मुळाशी तर्कशास्त्राचा एक जुना धडा आहे. दोन वस्तू सारख्या दिसल्या म्हणून त्या एक होत नाहीत.

हल्ली होतं असं की, मुतखड्यासाठी किंवा पोटदुखीसाठी कुणाचं तरी सीटी स्कॅन काढतात. खडा सापडतो किंवा सापडत नाही. पण अहवालात एक ओळ येते, 'अधिवृक्क ग्रंथीवर गाठ.' शोधायला गेलो एक आणि हाती लागलं दुसरंच! आमच्या गावच्या माणसांना यात नवल वाटू नये. खाडीत जाळं कोळंबीसाठी टाकावं आणि वर काढावं तर त्यात चिंबोरी, निवटी आणि एखादी वामही यावी, हे नेहमीचंच. वाम दिसते सापासारखी. पण म्हणून तिला साप समजून कुणी जाळं टाकून पळत नाही. हाताळणाऱ्याला ओळख असते. गाठीच्या बाबतीत आपल्याला ती ओळख नसते, म्हणून घर हादरतं. अशाच एका घरातल्या आजोबांनी मला विचारलं, "मास्तर, गाठ हाय तं कापाला नको का?"

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. पोटाचं स्कॅन झालेल्या प्रौढ माणसांत शंभरातल्या चार-पाच जणांना अशी गाठ आढळते, आणि उतारवयात हे प्रमाण वाढतं. यांतल्या बहुसंख्य गाठी साध्या असतात. त्या ना पसरतात, ना रस गाळतात. मग उरलेल्या कशा ओळखायच्या? त्यासाठी तीन प्रश्न आहेत, आणि ते वेगवेगळे ठेवले पाहिजेत.

पहिला प्रश्न : ही खरोखर गाठच आहे का? ग्रंथी सुजली म्हणजे तिथे अर्बुद वाढलं असं नव्हे. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातल्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये ११ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. विलक्षण अशक्तपणा आणि काळवंडणारी कातडी या लक्षणांचं मूळ त्यांनी या ग्रंथींच्या नाशात दाखवलं. त्यांच्या अनेक रुग्णांत हा नाश क्षयानं केलेला होता. आपल्या देशात क्षय अजून गेलेला नाही. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सुजल्या असतील, वजन उतरत असेल, अंग काळवंडत असेल, मीठ खावंसं वाटत असेल, तर क्षय किंवा हिस्टोप्लाझ्मा नावाच्या बुरशीचा रोग आहे का, हे डॉक्टरांना पाहावं लागतं. दुसऱ्या अवयवाचा, उदाहरणार्थ फुप्फुसाचा, कर्करोगही इथे येऊन बसतो. म्हणून पूर्वी झालेला प्रत्येक आजार डॉक्टरांना सांगावा. त्यात संकोच नको.

दुसरा प्रश्न : ही गाठ कर्करोगाची आहे का? इथे सीटी स्कॅन फार मदत करतं. हे यंत्र प्रत्येक भागाची घनता आकड्यात सांगते. यंत्राचे एक जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचं नाव त्या मापाला दिलेलं आहे. पाण्याचा आकडा शून्य. चरबीचा शून्याच्या बराच खाली. साध्या गाठीत बहुधा चरबीसारखा पदार्थ भरलेला असतो, म्हणून तिचा आकडा कमी येतो. शिरेतून औषध न देता काढलेल्या स्कॅनमध्ये गाठ सर्वत्र एकसारखी दिसली आणि आकडा १० किंवा त्याहून कमी आला, तर ती साधी समजतात. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये दिलेल्या सल्ल्याप्रमाणे अशा गाठीचं स्कॅन पुन्हा पुन्हा काढण्याचीही गरज नसते. आकडा १० च्या वर गेला म्हणजे कर्करोगच, असं मात्र नव्हे. पुष्कळ साध्या गाठींत ही चरबी कमी असते. ४ सेंटीमीटरहून मोठी, वेडीवाकडी किंवा भराभर वाढणारी गाठ असेल तर संशय बळावतो. या ग्रंथीचा स्वतःचा कर्करोग अतिशय दुर्मीळ आहे. दहा लाख लोकांमागे वर्षाला एखाद-दुसरा रुग्ण.

तिसरा प्रश्न सर्वांत अधिक विसरला जातो : गाठ रस गाळते का? 'कर्करोग नाही' हे ऐकलं की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि कागद कपाटात जातो. पण साधी आणि निरुपद्रवी हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातले जेरोम कॉन यांच्याकडे १९५४ मध्ये ३४ वर्षांची एक बाई आली. रक्तदाब वाढलेला, स्नायू दुबळे, रक्तातलं पोटॅशियम घटलेलं. शस्त्रक्रियेत एक साधी गाठ निघाली. ती आल्डोस्टेरोन नावाचा, शरीरात मीठ धरून ठेवणारा रस वाजवीपेक्षा अधिक बनवत होती. गाठ काढली आणि बाई सुधारली. कर्करोग नव्हता, तरी गाठ घातक होती!

दुसरी गाठ कॉर्टिसोल अधिक बनवते. चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय बारीक होतात, मधुमेह जडतो. तो रस तपासायला रात्री डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी रक्त घेतात. तिसरी ग्रंथीच्या गाभ्यातली. ती ॲड्रिनलिनसारखे रस एकाएकी रक्तात सोडते. मग डोकं ठणकतं, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते आणि रक्तदाब कडाडतो. तिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. ती ओळखल्यावाचून सुई घालून तुकडा काढणं किंवा शस्त्रक्रिया करणं जिवावर बेतू शकतं. आधी गोळ्यांनी रक्तदाब काबूत आणावा लागतो. म्हणून "लगेच तुकडा तपासून टाका" असा आग्रह आपण धरू नये.

आणखी एक गोष्ट खेड्यात फार आढळते. सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी कुणी बिननावाची पुडी देतो. तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं चेहरा सुजतो, साखर वाढते. म्हणजे गाठ नसताना गाठीची लक्षणं दिसतात. इकडे खऱ्या ग्रंथी काम सोडून आक्रसतात. अशी पुडी एकदम बंद केली तर चक्कर, ओकाऱ्या येऊन माणूस कोसळू शकतो. डॉक्टरांना ती पुडी दाखवावी, आणि त्यांच्या सल्ल्यानं ती उतरत्या मात्रेत थांबवावी.

शिक्षक बंधुभगिनींनो, गावात इंग्रजी अहवाल वाचून घ्यायला माणसं तुमच्याकडेच येतात. निदान करणं आपलं काम नव्हे. पण कागदाच्या पाठीवर हे तीन प्रश्न लिहून देणं आपल्याला जमेल : गाठच आहे का? कर्करोग आहे का? रस गाळते का? रुग्णानं ते डॉक्टरांना विचारावेत. गरज पडली तर अशा ग्रंथींच्या रोगांचा स्वतंत्र विभाग परळच्या केईएम रुग्णालयात आहे. तिथल्या डॉक्टरांनी या गाठींवर संशोधनही प्रसिद्ध केलं आहे.

त्या आजोबांना मी हे तीन प्रश्नच लिहून दिले. तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत शेत विकायची घाई नको, आणि कागद कपाटात ठेवून विसरणंही नको.