बाईचे आरोग्य आणि तिचा शेजार
(व्याख्यानाचा मजकूर)



जव्हार-मोखाड्याचे नाव निघाले की सभेत एकच शब्द ऐकू येतो, कुपोषण. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके दगावली, तेव्हापासून हा शब्द या डोंगराला चिकटला आहे. तेव्हा जिल्हा ठाणे होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. कागदावरचा जिल्हा बदलला, पाडे जेथे होते तेथेच आहेत. बालकांविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले. आज आम्ही त्यांच्या आयांविषयी बोलणार आहोत. शिकलेली माणसे ज्यांना बाईच्या 'वाईट सवयी' म्हणतात, त्या खरोखर तिच्या एकटीच्या असतात काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मशेरीचेच घ्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. ही सवय बाईला कोण लावते? दुकानदार नव्हे. आई लावते, नणंद लावते, शेजारीण लावते. दात दुखला, लाव मशेरी. पोटात कळ आली, लाव मशेरी. सकाळी दोघी-तिघी ओट्यावर बसून दात घासतात आणि सुखदुःखाचे चार शब्द बोलतात. दिवसभरात तेवढाच तिचा विसावा असतो. शिवाय मशेरीने भूक मरते, हे उपाशी घरातल्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी झाली आणि २००४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मशेरीसारखी धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे जन्मतः सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. ज्या बाळाचे वजन मुळातच दोन किलोच्या आसपास, त्याला शंभर ग्रॅम म्हणजे काय, हे येथे बसलेल्या सुईणबाईंना विचारा.

दुसरी गोष्ट, पोटुशी असताना कमी खाणे. मूल पोटात मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल, ही भीती. लोहाच्या गोळ्याही त्याच भीतीने कोनाड्यात पडून राहतात. आम्ही या भीतीला हसत नाही. वाहन पाड्यापर्यंत पोचत नाही, तेथे अडलेले बाळंतपण म्हणजे मरण, आणि हे बायकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील मरकटवाडीची बाई अपुऱ्या दिवसांत बाळंत झाली, जुळी बाळे दगावली आणि तिला झोळीत घालून सुमारे तीन किलोमीटर चालत न्यावे लागले. रस्ता नसलेल्या पाड्यात सासू सुनेला कमी खा म्हणते, तेव्हा ती आपल्या परीने सुनेचा जीवच वाचवत असते. सल्ला चुकीचा, पण माया खरी. आरोग्यशिक्षण देणारे हे विसरतात आणि सासूला अडाणी ठरवून मोकळे होतात. मग सासूही त्यांचे ऐकत नाही.

तेव्हा शेजार तारतोही आणि मारतोही. पण शेजारच नसला म्हणजे काय होते, ते दिवाळीनंतर पाहावे. भात झोडून झाला की माणसे जगायला जातात. 'जगायला जाणे' हा आमच्याकडचा शब्द. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जोडपे जाते, उचल आधीच घेतलेली असते. पाड्यावर आठव्या महिन्यातील बाईचा हंडा जाऊबाई उचलते, मोठे पोर आजी सांभाळते, रात्री कळा सुरू झाल्या तर चार घरे जागी होतात. भट्टीवर यातले काही नाही. अंगणवाडीच्या वहीत तिचे नाव मागे गावी, आणि ती येथे चिखल तुडवते. वापरलेल्या कार्डावरचे पुढचे रकाने कोरेच राहतात.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ साली कायदा झाला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विसावा आणि पैसा मिळाला पाहिजे, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले. भट्टीवरच्या बाईपर्यंत ते अजून चालत यायचे आहे.

असो. जे चांगले चालले, तेही सांगतो. २०१५ साली राज्याने आदिवासी भागात अमृत आहार योजना सुरू केली. गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचे गरम, चौरस जेवण. घरी शिधा दिला असता तर तो चार पोरांत वाटला गेला असता, आणि बाईने सर्वांत शेवटी तवा पुसला असता. येथे पाच-सहा जणी पंगतीने बसतात. शेजारीण जेवते म्हणून हीही जेवते. 'मूल मोठे होईल' ही भीतीही पंगतीत थोडी कमी होते, कारण समोर बाळंत होऊन आलेली मैत्रीण बसलेली असते. जेवणाइतकीच पंगत महत्त्वाची, असे आमचे मत आहे. म्हणून डबा घरी नेण्याची सवलत मागणाऱ्यांना आम्ही विरोध करतो.

झारखंड आणि ओडिशातील आदिवासी गावांत 'एकजूट' या संस्थेने बायकांचे गट बसवले. चित्रे, गोष्टी, खेळ यांतून बायकांनीच आपली अडचण ओळखायची आणि आपणच तोड काढायची. औषध वाटले नाही. २००५ ते २००८ या तीन वर्षांत त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू इतर गावांच्या मानाने ३२ टक्क्यांनी कमी झाले. तिसऱ्या वर्षी बाळंतिणींचे मनाने खचणेही घटले.

आमच्या पाड्यांत असे बसणे नवे नाही. वारल्यांचे लग्न धवलेरीशिवाय लागत नाही, आणि धवलेरी बाईच असते. तिचा शब्द पाडा मानतो. मग मशेरीविषयी आणि पोटभर जेवण्याविषयी पहिले बोलणे तिच्याशी, सुईणीशी आणि सासूशी का होऊ नये? आशाताई एकटीने किती घरे फिरेल?

दिवाळीला फार दिवस नाहीत. ट्रक येण्यापूर्वी प्रत्येक पाड्यातील पोटुशी बायांची नावे, त्या जाणार त्या भट्टीचे गाव आणि तेथील जवळचा दवाखाना एका वहीत लिहून काढायचे आहे. ज्या घरांत कोणी मागे राहणार असेल, तेथे सुनेला थांबवता येते का, हेही विचारायचे आहे. वही खोडाळ्याच्या भगिनींनी आणली आहे. सभा संपल्यावर त्या दाराशी बसतील.