ताऱ्यांचे स्फोट आणि भोवतालचा वायू

(यवतमाळ येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोरडवाहू कापसाच्या या जिल्ह्यात दूरच्या ताऱ्यांची चर्चा कशासाठी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर वणी परिसरातील चुनखडकात आहे. त्यातील कॅल्शियम पृथ्वीवर तयार झालेले नाही. पृथ्वीच्या जन्मापूर्वीच ते ताऱ्यांच्या अंतरंगात व त्यांच्या स्फोटांत घडले. आपल्या रक्तातील लोहाचीही हीच कथा आहे.

सूर्याच्या सुमारे आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा क्षणार्धात कोसळतो आणि बाहेरचे थर सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने उधळले जातात. हाच अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा. उधळलेले द्रव्य भोवतालच्या विरळ वायूवर आदळून आघात-तरंग निर्माण होतो व वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो. हा तरंग कोठे वायू दाबून नव्या ताऱ्यांच्या जन्मास चालना देतो, तर कोठे तोच वायू विखरून जन्म रोखतो. केव्हा काय घडेल, हे वायूची घनता व स्फोटाची ऊर्जा यांवरून गणिताने ठरविणे, हे सैद्धांतिक संशोधनाचे कार्य होय.

गणिताची परीक्षा निरीक्षणाने होते. फेब्रुवारी १९८७ मध्ये सुमारे १ लक्ष ६८ हजार प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याचा स्फोट दिसला. स्फोटाची बहुतेक ऊर्जा न्यूट्रिनो कण वाहून नेतात, असे सिद्धांत सांगत होता. प्रकाश दिसण्यापूर्वी काही तास ते कण खरोखरच टिपले गेले. त्या ताऱ्याने हजारो वर्षांपूर्वी सोडलेल्या वायूच्या कड्यावर आघात-तरंग पोहोचला आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते कडे उजळू लागले.

या कार्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. नारायणगावजवळ खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अशा स्फोटांच्या रेडिओ लहरी टिपतात. त्यांवरून ताऱ्याने मृत्यूपूर्वी भोवती किती वायू सोडला होता, याचा अंदाज करता येतो.

या संशोधनाने विहिरीला पाणी लागणार नाही, हे खरे. परंतु अंदाज बांधावा, हिशेब करावा आणि निरीक्षण विरुद्ध गेल्यास अंदाज सोडून द्यावा, ही शिस्त बियाण्याची पारख करतानाही लागते. ती शाळेतच रुजली पाहिजे. शिक्षकांनी जानेवारीच्या रात्री मृग नक्षत्रातील तांबूस काक्षी मुलांना दाखवावा. त्याचाही शेवट अशाच स्फोटात होणार आहे. पंचायतींनी रस्त्यावरील दिव्यांचा उजेड खाली जमिनीकडेच वळवावा. गावाचे व तांड्याचे काळेभोर आकाश ही विनामूल्य प्रयोगशाळा आहे. तिचे जतन आपल्या हाती आहे.