कपाटातली पुस्तके आणि पेटीतला कागद

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ विद्वानांची भाषणे आपण ऐकली आहेत. मी जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला, पुढे शिक्षकाची पदविका घेऊन परळच्या एका प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविलेला साधा मास्तर आहे. चिटणीसांनी मला विषय दिला तो चालढकलीचा, आणि ही सवय घालविण्यासाठी जी पुस्तके बाजारात मिळतात त्यांचा. विषय ऐकून मला हसू आले. भाषणाचा मसुदा गणेशचतुर्थीपूर्वी द्यावयाचे मी कबूल केले होते. चिटणीसांच्या हाती तो पडला कोजागिरीनंतर. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार मला नाही असे निदान कोणी म्हणू नये.

प्रथम घरची हकीकत सांगतो. ती सांगितल्यावाचून पुढचे बोलणे पोकळ वाटेल.

आमचे तात्या लालबागच्या एका गिरणीत साच्यावर काम करीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात अजून संपलेला नाही. तात्यांना पुन्हा कामावर बोलावणे आले नाही. काही वर्षे त्यांनी रस्त्यावर भाजी विकली, पुढे गावी गेले, आणि २००८ साली वारले. त्यानंतर दोनतीन वर्षांत म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज मागविले. १ जानेवारी १९८२ रोजी जो कामगार नोकरीवर होता तो, अथवा त्याच्या पश्चात त्याचा वारस, अर्ज करण्यास पात्र होता. सुमारे दीड लाख अर्ज आले असे पुढे वर्तमानपत्रांत वाचले. त्या दीड लाखांत आमचा एक असावयाचा होता.

अर्जात तात्यांचा बिल्ला क्रमांक हवा होता. तो सापडेल असे ठिकाण एकच होते, ते म्हणजे माळ्यावरची त्यांची पत्र्याची पेटी. आई रोज म्हणे, "अरे, ती पेटी एकदा खाली काढ." मी म्हणे, "रविवारी काढतो." रविवारी शाळेच्या वह्या तपासावयाच्या असत. पुढच्या रविवारी पाहुणे असत. त्याच्या पुढच्या रविवारी काहीही नसे, आणि तरीही पेटी निघत नसे.

आता गंमत ऐका. याच महिन्यांत मी हुतात्मा चौकातल्या पदपथावरून एक जुने इंग्रजी पुस्तक विकत आणले. ब्रायन ट्रेसी नावाच्या गृहस्थाचे, २००१ साली निघालेले. त्याच्या नावातच बेडूक खाण्याचा उपदेश आहे. अर्थ असा की, सकाळी उठल्याबरोबर जे काम अत्यंत नकोसे वाटते तेच आधी उरकावे, म्हणजे बाकीचा दिवस सुखाचा जातो. कल्पना मला इतकी आवडली की मी तिच्याखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या. मग दादरला जाऊन डेल कार्नेगीचे चिंतेवरचे पुस्तक मराठीत आणले, स्वेट मार्डेनचे आणले. इंग्रजी वाचताना शब्दकोश जवळ लागे, म्हणून एक शब्दकोशही आणला. कपाटातला एक खण या पुस्तकांनी भरला. त्यांचा सारांश मी सुंदर अक्षरात एका दोनशे पानी वहीत उतरवून काढला. ती वही घेऊनच आलो आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी नंतर पाहावी. अक्षर खरोखरच चांगले आहे. पेटी मात्र माळ्यावरच होती.

शेवटच्या दिवशी रांगेत उभे राहून मी अर्ज दिला. बिल्ला क्रमांकाचा रकाना मोकळा ठेवून दिला. मनात म्हटले, मागाहून भरू.

आई २०१६ साली गेली. पुढच्या वर्षी मी सेवानिवृत्त झालो आणि घराला रंग द्यावयाचा म्हणून माळा रिकामा केला. पेटीला कुलूपसुद्धा नव्हते. वरच तात्यांचा धुतलेला सदरा, त्याच्याखाली ई.एस.आय.चे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची एक चिठ्ठी आणि पितळेचा बिल्ला, रुमालात बांधलेला. उघडण्यापासून सापडण्यापर्यंत पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. आई त्या पेटीखालीच सहा वर्षे निजत होती.

बंधुभगिनींनो, या गोष्टीला मी पुष्कळ दिवस आळस म्हणत होतो. शाळेत मुलांना आळसावर निबंध घातले, रामदासस्वामींच्या दासबोधातला यत्नशिकवणीचा समास वाचून दाखविला. तो समास आजही वाचावा असाच आहे. परंतु माझ्या दुखण्याचे नाव आळस नव्हते. आळशी मनुष्य दोनशे पानी वही भरीत नाही. कॅनडातले टिमोथी पिचिल आणि फुशिया सिरॉइस या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, चालढकल करणारा मनुष्य कामाला टाळीत नसतो. त्या कामाने मनात जी अस्वस्थता उठते तिला टाळीत असतो. काम पुढे ढकलले की त्या घटकेपुरते बरे वाटते, आणि या बरे वाटण्याचीच सवय लागते. हे वाचले तेव्हा मला माझी पेटी दिसली. पेटी उघडावयाची म्हणजे तात्यांचा सदरा हाती घ्यावयाचा, संपाची ती वर्षे पुन्हा पाहावयाची. त्या वेळी मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि माझ्या पगारावर घर चालत असे. तात्या एकदा माझ्याकडे विडीसाठी पैसे मागावयास आले, तेव्हा त्यांनी मान वर केली नव्हती. असो.

मग एवढी पुस्तके वाचून काय झाले? वाचताना मला वाटे, आपण कामाला लागलो. हीच त्यातली खोच आहे. चालढकलीवरचे पुस्तक हे चालढकलीचे सर्वांत सभ्य साधन आहे. घरातले कोणी त्याबद्दल बोल लावीत नाही. हातात पत्ते असते तर आईने ते उधळले असते.

पण पुस्तकांना नावे ठेवून मी मोकळा होणार नाही. तो कृतघ्नपणा होईल आणि खोटेही होईल. निवृत्तीनंतर मी ती पुन्हा काढली, आणि यावेळी त्यांच्यात काय लिहिले आहे याऐवजी ती कशी जन्मली हे पाहू लागलो. या जातीच्या पुस्तकांचा एक मूळपुरुष म्हणजे सॅम्युएल स्माइल्स. त्याचे 'सेल्फ-हेल्प' हे पुस्तक १८५९ साली लंडनला निघाले. 'स्वावलंबन' हा शब्द ज्या अर्थाने आपण शाळेत शिकलो, त्याचा पुष्कळसा उगम तेथला आहे. पण प्रस्तावनेत त्याने काय सांगितले आहे? लीड्स शहरात, म्हणजे आपल्या परळ-लालबागसारख्याच गिरणगावात, दोनतीन गरीब तरुण हिवाळ्यातल्या संध्याकाळी एकमेकांना शिकविण्यासाठी जमू लागले. ज्याला जे येत असे ते त्याने दुसऱ्याला शिकवावयाचे. संख्या वाढली, तेव्हा पूर्वी पटकीच्या रोग्यांसाठी वापरलेली एक खोली त्यांनी भाड्याने घेतली, कारण ती दुसरे कोणी घेत नव्हते. त्या मंडळींनी स्माइल्सला चार शब्द सांगावयास बोलाविले. त्या भाषणांतून पुढे पुस्तक झाले. म्हणजे आधी मंडळ, मग पुस्तक.

बेंजामिन फ्रँकलिनचेही तेच. त्याने तेरा सद्गुणांची यादी करून एका लहानशा वहीत रोज खुणा केल्या, ही गोष्ट सर्व पुस्तकांतून येते. त्यांतला व्यवस्थितपणा हा गुण त्याला सर्वांत जड गेला, हे त्याने स्वतःच कबूल केले आहे, आणि त्यामुळे मला तो अधिक आवडतो. पण वहीची गोष्ट सांगणारे दुसरी गोष्ट सांगत नाहीत. १७२७ साली त्याने फिलाडेल्फियात कारागीर आणि लहान व्यापारी अशा मित्रांचे एक मंडळ काढले. ते दर शुक्रवारी संध्याकाळी भरे, आणि त्याच मंडळींतून १७३१ साली वर्गणीचे वाचनालय उभे राहिले.

इतक्या लांब जावयास नको. ना. म. जोशी यांचे नाव लोअर परळच्या रस्त्याला आहे म्हणून आपण ते रोज घेतो. त्यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, गिरणगावात रात्रीच्या शाळा काढल्या, कामगारांसाठी फिरती वाचनालये चालविली. पाळीवरून आलेला, कापसाचे तंतू केसांत असलेला मनुष्य दहा जणांत बसून अक्षर गिरवीत असे. त्याला एकट्याला घरी पाटी दिली असती तर तो दमून झोपला असता, आणि त्यात त्याचा दोष नसता. आणि आमच्या चाळीतली श्रावणातली पोथी आठवा. एकजण वाची, सगळा मजला ऐके. आज कुठवर आलो हे सगळ्यांना ठाऊक असे, म्हणून दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्याला दांडी मारता येत नसे. पुस्तके छापून स्वस्त झाली आणि आपण एकेकटे खोलीत बसून वाचू लागलो, तेव्हा ही दुसऱ्याची नजर गळून गेली. पुस्तकात उपदेश सगळा शिल्लक आहे. समोर बसलेला मनुष्य तेवढा नाही.

याला पुरावा अमेरिकेत मिळाला आहे. डॅन एरिअली आणि क्लाउस वेर्टेनब्रॉख यांनी २००२ साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. एका वर्गाला तीन निबंध लिहावयाचे होते आणि त्यांच्या तारखा शिक्षकाने सारख्या अंतराने ठरवून दिल्या. दुसऱ्या वर्गाने आपापल्या तारखा आपण ठरवावयाच्या होत्या. तारखा ठरवून दिलेल्या वर्गाला गुण अधिक पडले. चौतीस वर्षे मास्तरकी केलेल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही. पण विद्वानांनी मोजून सांगितले म्हणजे बरे वाटते.

येथे कोणी म्हणेल की, मग एकटे बसून डोंगराएवढे काम केलेली माणसे नाहीत काय? आहेत. गिरगावातल्या आंग्रेवाडीत राहणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे हायकोर्टात वकिली करीत. एका जुन्या ग्रंथाच्या प्रस्तावनेसाठी म्हणून त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाची जुळवाजुळव केली. तिचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि शेवटचा पाचवा खंड १९६२ साली पुरा झाला, तेव्हा काणे ब्याऐंशी वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. एकूण साडेसहा हजार पृष्ठे. पण तेही पुरते एकटे नव्हते. पुण्याची भांडारकर संस्था खंडामागून खंड छापीत होती आणि पुढच्या खंडाची वाट पाहणारे देशोदेशी होते. शिवाय आपण काणे नाही. मला एक पेटी उघडावयाची होती.

आता माझा चालू हिशेब सांगतो. २०२३ साली कामगारांची आणि वारसांची कागदपत्रे तपासण्याची मोहीम निघाली. या खेपेला मी कोणतेही पुस्तक विकत आणले नाही. शेजारचे दोघे निवृत्त गृहस्थ आणि खालच्या मजल्यावरच्या एक वहिनी अशा आम्हां चौघांचे कागद अडलेले होते. आम्ही शनिवारी चार वाजता आमच्या खोलीत बसू लागलो. नियम दोनच केले. ज्याने त्याने आपला कागद बरोबर आणावयाचा, आणि पुढच्या शनिवारपर्यंत काय करणार ते एका वाक्यात, वार आणि वेळ घालून, सर्वांसमक्ष सांगावयाचे. "बँकेत जाईन" असे चालत नसे; "मंगळवारी अकरा वाजता जाईन" असे म्हणावे लागे. जर तो वार चुकला तर दंड नाही, टोमणा नाही. फक्त चहा त्याने करावयाचा. पहिले दोन महिने चहा बहुतेक मीच केला. तात्यांच्या बिल्ल्याचा क्रमांक अखेर त्या मोकळ्या रकान्यात गेला. घर मिळेल की नाही, मिळाले तर कोठे मिळेल, हे माझ्या हाती नाही. वहिनींचा वारसदाखला निघाला. एका गृहस्थांचे मृत्युपत्र झाले. दुसरे गृहस्थ तीन शनिवार आले आणि यावयाचे थांबले. त्यांचे काम तसेच राहिले आहे, आणि मी त्यांच्याकडे परत गेलो नाही ही माझी चूक आहे.

आता मंडळापुढे एक विनंती. आपल्या ज्ञातीतल्या किती घरांत असे कागद पडून आहेत याची चिटणीसांना माझ्याहून अधिक माहिती आहे. मुलगा बारावीला बसला तरी जातवैधतेचा अर्ज गेलेला नसतो. शिष्यवृत्तीची मुदत टळून गेल्यावर पालक मंडळात येतात. इमारत पुनर्विकासाला गेली तरी भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर असते. बँकेच्या खात्याला वारसाचे नाव लावलेले नसते. आपण दर वर्षी गुणवंत विद्यार्थ्यांना पुस्तके देतो, ती अवश्य द्यावी. त्यांत आत्मोन्नतीची असली तरी हरकत नाही. माझ्या खणातली सातही पुस्तके मी मंडळाच्या वाचनालयाला आजच देत आहे, पेन्सिलीच्या रेघांसकट. परंतु त्याबरोबर सभागृहाच्या मागची लहान खोली शनिवारी चार ते सहा उघडी ठेवावी, एवढे मागणे आहे. कार्यकारिणीने त्याला होकार दिला आहे, हे सांगावयास मला आनंद वाटतो.

येत्या शनिवारपासून मी तेथे बसेन. एक टेबल, दोन पेने, गोंद, टाचण्या आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा यांची सोय झाली आहे. छायाप्रतीचे दुकान समोरच आहे. भगिनींनी संकोच करू नये. माझी पत्नीही असेल, आणि सरकारी अर्जांतल्या खाचाखोचा तिला माझ्याहून बऱ्या कळतात. खुर्च्या दहा आहेत. त्याहून अधिक मंडळी आली तर सतरंजी अंथरू.