चाकांवरचं घर आणि त्याचे बिघाड



ज्या गाडीत माणूस नुसता बसून जात नाही, तर निजतो, स्वयंपाक करतो, चार दिवस संसार मांडतो, तिला इंग्रजीत मोटरहोम म्हणतात. आपण तिला घरगाडी म्हणू. नाव नवे असले तरी वस्तू आपल्याला अगदीच अनोळखी नाही. तमाशाचे फड आणि फिरते सिनेमे जत्रेच्या हंगामात महिनेच्या महिने ट्रकमध्येच राहत आले आहेत. गावात येणारा फिरता दवाखाना हाही याच जातीचा. महाराष्ट्र शासनाने 2021 साली अशा गाड्यांतून होणाऱ्या पर्यटनासाठी धोरण जाहीर केले, तेव्हापासून या घरगाड्या कोकणच्या रस्त्यावर जरा जास्त दिसू लागल्या.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा विषय शिकवीत असे. माझे एक स्नेही, हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गुरुजी, त्यांनी एक जुनी डिझेल मिनिबस घेऊन तिची घरगाडी करवून घेतली. आत दोन बिछाने, पाण्याची टाकी, छोटा पंप, दिवे, पंखा आणि बॅटरीवर चालणारा फ्रिज. फ्रिज हा चैनीसाठी नव्हता, बरं का. वहिनींना मधुमेह आहे आणि त्यांचे इन्सुलिन त्यात ठेवायचे होते. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांच्या दरम्यान ठेवावे लागते. तेव्हा या गाडीत वीज बंद पडणे म्हणजे नुसता अंधार होणे नव्हे, हे आधी लक्षात घ्या.

आम्ही तिघे कोल्हापुराहून निघालो, आंबा घाट उतरलो आणि गणपतीपुळ्याला मुक्काम केला. पहाटे पाहतो तो दिवे मिणमिणते, पंखा बंद, फ्रिज बंद. आणि गंमत अशी, की सेल्फ मारला तर इंजिन एका झटक्यात सुरू!

गुरुजी म्हणाले, "अरे, बॅटरी उतरली म्हणावी, तर इंजिन कसं सुरू झालं?"

प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तरही सोपं आहे. घरगाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक इंजिनाची, ती सेल्फ फिरवते. दुसरी घराची, ती दिवे, पंप, फ्रिज चालवते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर दोघींनाही चार्ज करतो आणि इंजिन बंद झाले की मधला रिले दोघींना एकमेकींपासून तोडतो. हेतू हा, की रात्रभर फ्रिज चालून घराची बॅटरी रिकामी झाली तरी सकाळी इंजिन सुरू व्हावे. म्हणून अशा गाडीत बिघाड आला की पहिला प्रश्न विचारायचा तो असा: बिघाड कोणाच्या घरात आहे? इंजिनाच्या की बिऱ्हाडाच्या? निम्मे काम तिथेच होते.

आता माझी चूक सांगतो. तीस वर्षे मुलांना "आधी शोधा, मग बदला" असे बजावणारा मी, त्या दिवशी घाईला आलो. वहिनींच्या औषधाची काळजी होतीच. घराची बॅटरी जुनी दिसली, तेव्हा म्हटलं, हिचंच काम संपलं. रत्नागिरीला जाऊन नवी बॅटरी आणून बसवली. फ्रिज सुरू झाला. मी मिशीला पीळ दिला. जयगडच्या फेरीबोटीने आम्ही तवसाळला उतरलो, हेदवीला आलो, तिथे रमलो. आणि दुसऱ्या मुक्कामाच्या पहाटे पुन्हा तेच! साप साप म्हणून भुई धोपटली होती मी. नवी बॅटरी दुकानातून भरलेली आली होती. ती आपली पुंजी खाऊन मोकळी झाली.

इथे थोडा हिशेब पाहू. शिक्षकांना तो वर्गातही उपयोगी पडेल. 100 अँपिअर-अवरची शिसे-आम्लाची बॅटरी असली तरी तिच्यातली साधारण निम्मी वीजच वापरावी. रोज तळ गाठला तर तिचं आयुष्य लवकर संपतं. म्हणजे हातात आले 50. आमचा फ्रिज चालू असताना 4 अँपिअर घेई आणि दिवसाच्या निम्मा वेळ चाले. चार गुणिले बारा, झाले 48. म्हणजे एकटा फ्रिज एका दिवसात ती सगळी शिल्लक संपवणार. रोज गाडी चालून ती भरली पाहिजे. आमच्याकडे खर्च होत होता, पण जमा होत नव्हती.

वहिनींनी मात्र आमच्या विद्येवर विसंबून न राहता गावातून एक लहान माठ आणवला. इन्सुलिनचा डबा पाणी लागणार नाही अशा बेताने त्यात ठेवला, वरून ओले फडके गुंडाळले आणि माठ सावलीत, वाऱ्यावर ठेवला. फ्रिजइतका गारवा त्यात येत नाही, पण वेळ निभावते. बर्फात थेट ठेवण्यापेक्षा हे फार बरे, कारण इन्सुलिन गोठले की ते टाकूनच द्यावे लागते.

"भावजी, आता सावकाश शोधा," त्या म्हणाल्या. "माझं काही अडलं नाही."

मग मी मीटर काढला. साधा, स्वस्तातला मल्टिमीटर. ज्याच्याकडे घरगाडी आहे त्याच्याकडे पाने-पक्कड नसली तर एकवेळ चालेल, पण हा हवा. त्याचे आकडे वाचायला अवघड नाहीत. पूर्ण भरलेली 12 व्होल्टची बॅटरी काही तास स्वस्थ ठेवली की 12.6 च्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे अर्धी. 12 च्या खाली गेली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना मात्र टर्मिनलवर 13.8 ते 14.4 दिसायला हवेत, तरच चार्जिंग चालू आहे असे समजायचे.

इंजिन सुरू केले. इंजिनाच्या बॅटरीवर 14.2 व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर निर्दोष. घराच्या बॅटरीवर पाहतो तो 12.1. तेव्हा चोर या दोघींच्या मधल्या वाटेवर होता. मीटरची काळी तार इंजिनाच्या लोखंडाला धरली आणि लाल तार वाटेवरच्या एकेका ठिकाणी टेकवीत गेलो. रिलेत शिरताना 14.2. बाहेर पडताना 14.2. फ्यूजच्या पलीकडे 14.1. घराच्या बॅटरीच्या धन टोकावर 14.1. इथवर वीज सुखरूप पोहोचली होती!

मग उरली परतीची वाट. आपण धन तारेची काळजी घेतो आणि ऋण बाजूला विसरतो, कारण तिथे तार थोडीच दिसते, बाकी सगळा गाडीचा सांगाडाच तारेचे काम करतो. त्यालाच मेकॅनिक अर्थिंग म्हणतात. लाल तार घराच्या बॅटरीच्या ऋण टोकावर टेकवली. तिथे शून्याच्या जवळपास दिसायला हवे होते. दिसले 2 व्होल्ट! चौदा पूर्णांक एकमधून दोन वजा करा, बारा पूर्णांक एक. हिशेब पै-पैला जुळला.

गाडीखाली घुसलो. ऋण तारेचा बोल्ट सांगाड्याला आवळलेला होता, पण खालचा रंग न खरवडताच. वर खाऱ्या हवेने गंज. बोल्ट हाताला घट्ट लागत होता, म्हणून डोळ्यांना आणि बोटांना काही कळायचे नाही, मीटरलाच कळायचे. इंजिन बंद केले, बॅटरीची ऋण तार आधी सोडली, पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईतो घासले, बोल्ट आवळला आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन चोपडले. इंजिन सुरू केले तेव्हा आकडा 13.4 वर गेला आणि तासाभरात 14 च्या वर. खर्च, एक पॉलिश पेपर.

शिक्षकांनी हा प्रयोग टॉर्चच्या दोन सेलवर करून पाहावा. सेल आणि बल्ब यांच्या मध्ये एक गंजका खिळा घाला. बल्ब मंद होईल. आता मीटर खिळ्याच्या दोन टोकांना लावा. चांगल्या जोडावर दाब दिसत नाही, वाईट जोडावर दिसतो. मुलांना रोध म्हणजे काय ते व्याख्येवाचून समजते.

गाडीखाली होतोच, म्हणून बाकीच्या ताराही तपासल्या. ते केले नसते तर आज मी ही गोष्ट इतक्या मजेने सांगितली नसती. फ्यूजच्या पेटीत पाण्याच्या पंपाच्या फ्यूजजागी कोणीतरी तांब्याची तार पिळून बसवली होती. 10 अँपिअरचा फ्यूज असायचा तिथे ही तार! पंपात रेती अडकून तो जड चालत होता, जास्त प्रवाह ओढत होता, म्हणून फ्यूज वारंवार उडत असणार. उडणाऱ्या फ्यूजला गप्प करण्यासाठी हा उपाय. फळी काढून पाहिले, तर पंपाची तार जळून काळी पडली होती आणि ती तार जात होती वहिनींच्या बिछान्याच्या गादीला लागून.

12 व्होल्ट म्हणजे निरुपद्रवी, हा समज अर्धाच खरा आहे. धक्का बसत नाही, पण आग लागते. तेवढ्याच कामाला घरातल्या 230 व्होल्टच्या मानाने इथे सुमारे 19 पट प्रवाह लागतो, म्हणून तारा जाड लागतात आणि चूक झाली तर त्या तापतात. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा दुसरा एकदा घालून पाहावा. तोही उडाला, तर हात आखडता घ्यावा आणि कारण शोधावे. मोठा फ्यूज, तार, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, यांतले काहीही घालू नये. घरी ओट्यावरच्या मीटरपेटीतही हे करणारे महाभाग मला ठाऊक आहेत.

गॅसबद्दल दोनच शब्द. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून गाडीला खाली झरोका हवा आणि तो गार वारा येतो म्हणून बुजवू नये. गळती साबणाच्या फेसाने पाहावी, काडी ओढून कदापि नाही. आणि दारे लावून, आत शेगडी किंवा जवळ जनरेटर चालू ठेवून निजू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागे करीत नाही.

परतीच्या वाटेवर साखरप्याहून आंबा घाट चढताना इंजिनानेही आपला मान मागून घेतला. दोन आचके दिले आणि बंद. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, असे झाले की विजेकडे नंतर पाहावे, आधी डिझेलकडे. टाकीत डिझेल तळाला होते. चढावर ते मागे सरकले आणि नळीने हवा ओढली. गाडीने एअर घेतली म्हणतात ती हीच. कॅनमधले डिझेल ओतले, फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हातपंप दाबत राहिलो. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. स्क्रू आवळला, गाडी सुरू. मात्र हे आमच्या जुन्या इंजिनाचे झाले. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्याही वर असतो. त्याच्या नळ्यांना रस्त्यावर हात लावू नये. ती धार कातडी भेदून आत शिरते.

घाटाच्या माथ्यावर तापमानाचा काटा वर गेलेला होता. गुरुजी रेडिएटरचे झाकण उघडायला धावले, त्यांना हाताला धरून मागे ओढले. उकळते पाणी दाबाखाली असते, झाकण सुटताच तोंडावर येते. अर्धा तास थांबलो, चहा केला. टाकीतले पाणीही निम्मे सोडून दिले. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो ओझे, ते घाटावर कशाला वाहायचे? हे खरे तर खालीच सुचायला हवे होते.

फ्रिजमधला तापमापक तेव्हा 5 अंश दाखवीत होता. वहिनींनी इन्सुलिन पुन्हा फ्रिजमध्ये ठेवले होते, पण माठ काही टाकला नाही. तो त्यांनी कोल्हापूरपर्यंत मांडीशी धरून आणला. आणि मी उगाच बदललेली ती जुनी बॅटरी? घरी आल्यावर चार्ज करून पाहिली. ठणठणीत होती. गुरुजींनी ती आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेला देऊन टाकली.