‘वर’ म्हणजे नेमके कुठे?



२०१८ साली शिष्यवृत्तीची चौकशी करायला मी कॉलेजच्या खिडकीवर जायचो. उत्तर ठरलेले : “वरून पैसे आले नाहीत.” मला वाटायचे, माझाच फॉर्म चुकला असेल. पुढे धोरण शिकायला लागलो तेव्हा पहिला प्रश्न हाच घेतला. हे ‘वर’ म्हणजे कुठे?

अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. खर्च वाटण्याचे जुने सूत्र असे : पंचवार्षिक योजनेच्या शेवटच्या वर्षी जेवढा खर्च, तेवढा भार पुढे दरवर्षी राज्याने उचलायचा, केंद्र फक्त त्यावरची रक्कम देणार. २०१७ मध्ये बारावी योजना संपली. राज्यांचा भार वाढला, केंद्राचा वाटा आटला. योजना कोणी बंद केली नव्हती. खिडकीवर पैसे मात्र पोचत नव्हते.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सूत्र बदलले : ईशान्येकडील राज्ये सोडून केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. पालकांच्या उत्पन्नाची २०१३ ची अडीच लाखांची मर्यादा मात्र तीच ठेवली.

आपण घरातले पहिले पदवीधर. मोर्चात जाऊच, पण मार्गदर्शक सूचनाही वाचू. अर्थसंकल्पातली तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी मांडू. उरलेले माहिती अधिकारात विचारू. आज खिडकीवर उभ्या असलेल्या पोरीला कुणीतरी सांगायला हवे : बाई, तुझा फॉर्म चुकलेला नाही.

जय भीम.